महाराणी कामावर होती

साओ जोझे, ४ मार्च

आत्या, आशीर्वाद दे.

हे पत्र नाइल्दे तुला वाचून दाखवणार, म्हणजे आधी तीच वाचणार, हे धरूनच लिहिते आहे. तेव्हा नाइल्दे, ओरडू नकोस. आजीला शेवटपर्यंत वाचून दाखव आणि मग ओरड.

आमच्या अंतराळ संस्थेने यंदा देशभरच्या शाळांतून मुलांची चित्रं मागवली होती. विषय, रॉकेट. ज्यांचं चित्र निवडलं जाईल ती मुलं दहा दिवस इथे राहणार, उपग्रह कसे जोडतात ते पाहणार, आणि त्यांतल्या दोघांना पुढच्या वर्षापासून इथल्या शाळेत ठेवून घेणार. शिकणं, राहणं, जेवण, सगळं संस्थेकडे.

आल्कांताराचा गठ्ठा उघडला आणि कचेरीत हशा पिकला. एकूण एक पोरानं रॉकेटला केळीचे घड, अननस आणि शहाळी बांधली होती, टोकाला झेंडा आणि झेंड्यावर कबुतर. एक जण म्हणाला, "जासिलेने, तुमच्या शहराजवळ प्रक्षेपण तळ येऊन इतकी वर्षं झाली, आणि तुमची पोरं रॉकेट काढतात की फळांचं दुकान?" मग मला समजावून सांगावं लागलं, की आमच्याकडे माणसांनी मिळून उभी केलेली उंच वस्तू एकच, दिविनोच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या, सणाचा खांब. त्याला फळं बांधतात, वर झेंडा लावतात, बाळाच्या बाप्तिस्म्याला ठरवतात तसे धर्ममाता आणि धर्मपिता ठरवतात. मुलांना वाटलं, रॉकेट उभं करायचं तर त्याचंही तसंच करत असतील. मला ते चुकीचं सांगवेना.

त्यातल्या एका चित्रात फळं होतीच, पण खाली दोर ओढणारी माणसंही होती. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. कडेला लिहिलं होतं, "वारा समुद्राकडून आहे, म्हणून या बाजूला जास्त माणसं." ओझोरियो सरांनी ते चित्र उचलून वेगळं ठेवलं. हे सर म्हणजे आमच्या प्रक्षेपणाच्या माणसांत सगळ्यात जुने. त्यांना हसताना कोणी पाहिलेलं नाही. मागे नाव पाहिलं तर आपल्या नाइल्देचं.

हवाई दलाचं विमान १५ मेला साओ लुईसहून उत्तरेकडच्या मुलांना घेऊन निघेल. तिला एक स्वेटर विण, नाहीतर कोणाकडून मागून आण. इथे दक्षिणेत तेव्हा थंडी असते.

तुझी,
जासिलेने

*

नवी वस्ती, आल्कांतारा, २४ मार्च

देव तुझं भलं करो, पोरी.

नाइल्दे ओरडली. शेजारच्या बिबियानाला वाटलं साप निघाला, ती काठी घेऊन आली.

पण तू दिनदर्शिका भिंतीला टांगतेस की नुसती चित्रं बघतेस? मेच्या मध्यावर दिविनोचा सण असतो, तुझ्या जन्माच्या आधीपासून. मागच्या सणाला देवळात पुढच्या वर्षीची नावं वाचली, त्यात सणाची महाराणी म्हणून नाइल्देचं नाव आलं. मी तेव्हाच तुला कळवलं होतं. तू उत्तरात "वा, छान" असं लिहिलंस. आता कळलं की वाचलंच नव्हतंस.

तळासाठी आपल्याला समुद्राकाठावरून उचलून या वस्तीत आणून टाकल्याला नऊ वर्षं झाली. त्या नऊ वर्षांत शहरातल्या लोकांनी आपल्याला ढोल वाजवायला बोलावलं, स्वयंपाकाला बोलावलं, भांडी घासायला बोलावलं. सिंहासनावर बसायला कधी नाही. यंदा वस्तीतली पोर पहिल्यांदा बसणार. सगळ्या वस्तीने कोंबड्या राखून ठेवल्यात.

तेव्हा तिला येता येणार नाही. तुझ्या साहेबांना माझा नमस्कार सांग आणि दुसरं पोर बघायला सांग. ती हे लिहिते आहे आणि तिचं तोंड फुगलेलं आहे, पण त्याचं कारण दात.

तुझी आत्या,
दोमिंगास

दात खरंच दुखतोय. नाइल्दे.

*

साओ जोझे, २ एप्रिल

आत्या,

दात! तू कोणाच्या डोळ्यांत धूळ फेकतेस? पोरीचा नकार तू पोरीच्याच हाताने लिहून घेतलास. एवढं कठोर तर तळावरचे लोकही आपल्याशी वागले नव्हते. त्यांनी निदान आपल्याला ट्रक दिले होते.

तुझा त्या तळावर राग आहे. असू दे. माझाही आहे, आणि तरी मी याच कामात पडले, हे तुला कधी आवडलं नाही तेही मला ठाऊक आहे. पण रागाची भरपाई तिच्याकडून कशाला? सिंहासन दहा दिवसांचं. शाळा जन्माची. दहा दिवस डोक्यावर मुकुट ठेवून पंख्याखाली बसल्याने तिचं काय होणार आहे?

तिला विचारलंस का तू? एकदा तरी?

जासिलेने

*

नवी वस्ती, १९ एप्रिल

देव तुझं भलं करो. तू मागितलं नाहीस, तरी देते.

पंखा नाहीये तिथे.

विचारलं तिला. बिबियानाच्या समोर विचारलं, म्हणजे तू म्हणायला नको की दरडावून विचारलं. ती म्हणाली, "मी गेले तर डॉक्टरांच्या मुलीला बसवतील, आणि ती सारखी फिदीफिदी हसते." मी म्हटलं, मग जायचं नाही ना? तर म्हणाली, "जायचंय." मी म्हटलं, दोन्हींतलं एक सांग. म्हणाली, "दोन्ही." आता शिकलेली तू आहेस, तू बघ यातून कसा रस्ता काढतेस.

अजून एक सांगते, म्हणजे मी लपवलं असं नको. माझे हात आता आखडतात. माझ्यामागे ढोलांचं पुढारपण कोणाकडे द्यायचं, तर ही एकच पोर आहे. बाकीच्यांचा ताल पळतो. हिचा पळत नाही. तिला तुमच्या शाळेने ठेवून घेतलं तर मी ढोल कोणाच्या हाती देऊ? आणि "दोन वर्षांसाठी जाते" असं सांगून गेलेल्या एका मुलीला मी चांगली ओळखते. तिच्या वाटणीचा सुका मासा मी बरीच वर्षं बाजूला ठेवत होते. मग मांजराला घालायला लागले.

दोमिंगास

आजी रडत नाहीये. मीही नाही. दात उपटला. नाइल्दे.

*

साओ जोझे, ८ मे

आत्या, आशीर्वाद दे.

मांजराचं वाचलं. त्यावर आत्ता काही लिहीत नाही.

रस्ता निघाला. मी वरच्या साहेबांकडे गेले आणि सांगितलं, मे महिन्यात उत्तरेकडे गावोगाव सण असतात, एकही मूल यायचं नाही आणि विमान रिकामं येईल. साहेब दक्षिणेकडचे, त्यांना काय माहीत. अर्धं खरं होतं, अर्धं मी ठोकून दिलं. उत्तरेकडच्या मुलांना आता ऑगस्टमध्ये बोलावलं आहे. ओझोरियो सरांना खरं कारण सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "न हलता बसते? किती वेळ?" मी म्हटलं, ढोल वाजत असतील तोवर. मग ते कागद चाळायला लागले.

एक गोष्ट लक्षात ठेव. तळावरून याच महिन्यात एक छोटं रॉकेट सुटणार आहे. दिवस वाऱ्यावर ठरेल, सणातही येऊ शकतो. नाइल्देला म्हणावं, डोळे उघडे ठेवून नीट बघ. शेवटच्या दिवशी सर प्रत्येक मुलाला समोर बोलावून प्रश्न विचारतात आणि त्यावरच दोघं ठरतात. बाकीच्या मुलांनी प्रक्षेपण फक्त टीव्हीवर पाहिलेलं असेल. आल्कांताराची मुलगी म्हटल्यावर तिला हेच विचारणार. तिच्याकडे सांगण्यासारखं तेवढं एकच आहे, गणितात तर शहरातली पोरं तिला सहज मागे टाकतील.

तुझी,
जासिलेने

*

नवी वस्ती, ३ जून

देव तुझं भलं करो, पोरी.

सण पार पडला. खांब सरळ उभा राहिला, उतरवताना कोणाच्या डोक्यात बसला नाही, नारळाच्या मिठाईची कासवं सगळ्यांना पुरली. फादर तोमेंना दोनदा पुरली.

नाइल्दे चांगली बसली. शहरातल्या बायका पहिल्या दिवशी मुद्दाम पुढे येऊन उभ्या राहिल्या, वस्तीतल्या पोरीला बसता येतं का ते बघायला. तिच्या नाकावर माशी बसली. तिने माशीला बसू दिलं. डॉक्टरांची बायको पाय दुखेपर्यंत उभी होती, मग घरी गेली.

शनिवारी दुपारी तुझं रॉकेट आलं. आमंत्रण नव्हतं. आम्ही सिंहासनासमोर गात होतो, सणाचं घर खच्चून भरलेलं, आणि पेल्यांत नुकतंच गरम चॉकलेट ओतलं होतं. आधी जमीन गुरगुरली, पेले किणकिणले, आणि दारातून कोणीतरी ओरडलं, "सुटलं! सुटलं!" झालं. घर रिकामं. फादर झगा वर धरून पळाले. स्वयंपाकीण डाव घेऊन पळाली. ढोलवाल्यांपैकीसुद्धा काही जणी धावल्या. नावं घेत नाही. पिकल्या केसांच्या बायका, लाज वाटायला हवी होती.

नाइल्दे उठली नाही. निरोपाचं कडवं म्हटल्याशिवाय गाणं संपत नाही, आणि गाणं संपल्याशिवाय महाराणी उठत नाही. एवढंच मी तिला शिकवलं होतं. सगळे धापा टाकत परत आले तेव्हा ती एकटी तिथे बसली होती, मुकुट सरळ, नजर समोर, आणि तळव्याने खुर्चीच्या हातावर ताल धरलेला. जिथे सोडला होता तिथूनच. आम्ही तिच्या तळव्यावर ढोल मिळवले आणि पुढे गायलो. गाणं तुटलं नाही.

रात्री तिने सगळ्यांना विचारलं, कसं दिसत होतं? प्रत्येकाने वेगळं सांगितलं. मी काय सांगणार, मी नऊ वर्षांत त्या दिशेला मान वळवलेली नाही, हे तुला ठाऊक आहे.

तेव्हा तुझ्या परीक्षेत सांगायला तिच्याकडे काही नाही. आधीच कळवून ठेवते, मागाहून आम्हाला बोल लावू नकोस.

दोमिंगास

*

साओ जोझे, २३ ऑगस्ट

आत्या, आशीर्वाद दे.

हे पत्र चिकटवून नाइल्देच्याच हाती देते आहे. उद्या विमान निघेल.

आधी एक हिशेब मिटवू. शनिवारी दुपारी सगळ्यांच्या आधी कोण धावलं ते मला कळलं आहे. फादर तोमेंना कोपराने बाजूला सारून, ढोलाच्या काठ्या हातात घेऊन! मी नाइल्देला म्हटलं, मग पत्रात तसं का नाही लिहिलंस? म्हणाली, "आजी सांगेल ते लिहायचं, हे माझं काम. खरं काय ते मला कोणी विचारलंच नाही."

दहा दिवस कसे गेले ते ती सांगेलच. मांडिओकाच्या कंदाचं पीठ नाही म्हणून तिला इथलं जेवण बेचव लागलं. समुद्र कुठल्या दिशेला आहे, हे तिने पहिल्या संध्याकाळी विचारून घेतलं. गणितात ती मागे पडली, मी म्हटलं होतं तशी. पण सरावाच्या नियंत्रण कक्षात मुलांना नेलं तेव्हा बाकीची पोरं बटणं दाबत हुंदडत होती, आणि ही एका खुर्चीवर बसली, समोरच्या दिव्यांकडे बघत. जेवायची घंटा झाली तरी उठेना. मी जवळ गेले तर म्हणाली, "हा हिरवा दिवा मधेच थोडा उशिरा लागतो." आमचा माणूस म्हणाला, नाही. मग त्याने तपासलं. लागत होता.

काल प्रश्नोत्तरं झाली. सर एकेकाला विचारत होते, बाकीची मुलं भिंतीशी बसून ऐकत होती. मी दाराशी उभी होते.

"तू आल्कांताराची," सर म्हणाले. "मेमध्ये तिथून रॉकेट सुटलं. काय दिसलं तुला?"

"काही नाही."

"कुठे होतीस?"

"कामावर."

पोरं खो खो हसली. सर हसले नाहीत, पण ते कधीच हसत नाहीत, त्यामुळे मला काही अंदाज येईना.

"काय काम?"

"बसायचं."

आता पोरं लोळायला लागली. सरांनी हात वर केला. "रॉकेट सुटतंय, सगळे बाहेर धावतायत. तुला उठून बघावंसं वाटलं नाही?"

"वाटलं ना," ती म्हणाली. "खूप वाटलं. पण ताल सुटला असता."

मग सरांनी सगळ्या मुलांना सांगितलं, की ते प्रत्येक प्रक्षेपणाला खिडकी नसलेल्या खोलीत, दिव्यांसमोर बसतात. दर वेळी एखादा चांगला शिकलेला तरुण ऐन वेळी खुर्ची सोडून दाराकडे धावतो, आणि त्याला पुन्हा त्या खोलीत घेत नाहीत. "इतकी रॉकेटं सोडली," ते म्हणाले, "मी स्वतः एकही पाहिलेलं नाही." मग नाइल्देकडे वळून, मोठ्या माणसाला विचारावं तसं म्हणाले, "तुझं गाणं नंतर नीट लागलं का?" ती म्हणाली, "हो."

आत्या, मला रडू आलं. कचेरीत मी कधी रडत नाही.

तिला घेतलं आहे. फेब्रुवारीत शाळा सुरू होईल. पण तुझा होकार असला तरच, असं मी सरांना सांगितलं आहे. तिला विचारलं तर म्हणते, "आजीला विचार." तिला यायचं आहे, हे तिच्या तोंडावर दिसतं, आणि तुला सोडवत नाही हेही.

तू दोन वर्षांचा टोमणा मारलास. खरं आहे, मी आले नाही. मी शिकायला निघाले आणि मागून ते ट्रक आले. परत यायचं तर कुठे यायचं, हेच मला कळेना. जिथून निघाले ते गावच नव्हतं. तुझ्या त्या विटांच्या घरात आले असते तर गाव गेलं हे मला खरं मानावं लागलं असतं. म्हणून आले नाही. दुसरं कारण नव्हतं. मला तुझी आठवण येते, रोज येते.

तू नाही म्हणालीस तर मी एक शब्द बोलणार नाही.

तुझी,
जासिलेने

*

नवी वस्ती, ९ सप्टेंबर

देव तुझं भलं करो, पोरी.

आज लिहायला बिबियाना बसली आहे. तिचं अक्षर खेकडा चालल्यासारखं आहे, सांभाळून घे. नाइल्देला मी शहरात मासळी आणायला पाठवलंय. सगळं काही तिच्याच हाताने लिहून घ्यायचं नसतं, हे तूच मला शिकवलंस.

तुझं पत्र तिने वाचून दाखवलं. तुझ्या साहेबांचं बोलणं आलं तिथे तिचा आवाज बारीक झाला. मी दोनदा वाचायला लावलं. माणूस बरा दिसतो. हसत नाही ते सोड.

परत कुठे यायचं म्हणून विचारतेस? जिथे मी आहे तिथे यायचं. एवढं शिकून तुला हे कळू नये? घर विटांचं असलं तरी चूल माझीच आहे.

आता तिचं. मला ती जायला नको आहे. हे मी बिबियानाला तसंच लिहायला सांगितलंय. ती गेली की संध्याकाळी मी कोणाशी भांडू, आणि ढोलांचं कोणाला देऊ, दोन्हींचं उत्तर माझ्याकडे नाही. बघू. ढोल थांबणार नाहीत, कोणीतरी वाजवेलच, वाईट का होईना. पण जिचा ताल पळत नाही तिने फक्त आपल्या खांबापाशीच बसावं, असं दिविनोनेही कुठे सांगितलेलं नाही. फेब्रुवारीत तिला ने. स्वतः येऊन ने, विमानातून पार्सल पाठवल्यासारखं मी तिला पाठवणार नाही.

आणि हो, मी धावले. कोपर मारलं ते मात्र खोटं, फादरच आडवे आले. मला बघायचं होतं की ते नेमकं कुठून निघतंय. आपल्या किनाऱ्यावरूनच निघत होतं, जुन्या होड्या लागायच्या तिथून थोडं डावीकडे. मला वाटलं होतं, बघितलं की रागाने उलटी होईल. तसलं काही झालं नाही. ते वर चढत गेलं आणि मी काठ्या हातात धरून, तोंड उघडं टाकून, लहान पोरीसारखी बघत उभी राहिले. इतकं सुंदर मी या वयात दुसरं काही पाहिलेलं नाही, जासिलेने. आत पोर एकटी ताल धरून बसली आहे, हे तेवढा वेळ माझ्या ध्यानातसुद्धा नव्हतं.

तेव्हा माझी एक अट आहे, ती साहेबांना सांग. तिला पुढे खिडकी नसलेल्या खोलीत खुशाल बसवा. ती बसेल, तुम्ही विसरलात तरी उठणार नाही. पण त्याआधी एकदा तिला हाताला धरून बाहेर उभी करा आणि ते वर जाताना शेवटपर्यंत बघू द्या. त्या शनिवारी तिच्या वाटणीचं ते मी पाहून घेतलं. ते तिचं तिला मिळायला हवं.

दोमिंगास